गाडीतला दिवा

४ नोव्हेंबर

बारक्या,

तुला लिहायला बसले की पहिलं पान रडण्यात जातं आणि दुसरं तुला रागावण्यात. दोन्ही फाडून टाकली. हे तिसरं आहे, तेव्हा नीट वाच आणि लगेच उत्तर लिही. फोन बंद होऊन दुसरा महिना संपत आला. आता तुझ्यामाझ्यात काय तो हा कागदच उरला आहे.

आम्ही सुखरूप आहोत. मला सातवा लागला. कापड बेतताना एका हाताने कंबर धरते, पण शिवण चालू आहे. भीतीच्या दिवसांतही माणसांचे कपडे उसवतातच आणि माणसं जाड-बारीक व्हायची थांबत नाहीत. सासूबाई मजेत. कुठेही धडाका झाला की त्या "टायर फुटला गं" म्हणतात. त्यांच्या हिशेबाने या गावात चालण्याजोगी एकही गाडी उरलेली नसेल.

आमची मात्र चालते, आणि तिचीच मला धास्ती आहे. तुझे भाऊजी रोज पहाटे बेकरीची गाडी घेऊन पुलापलीकडे जातात. हॉस्पिटल, मुलींचं वसतिगृह, दोन दुकानं. पाव पोचवायचे आणि उजाडता परत यायचं. संचारबंदी उठायच्या आधी निघावं लागतं, त्याचा पास आहे. पुलाच्या तोंडाशी तुमच्या लोकांची चौकी आहे. वाळूची पोती, आणि रस्त्यात दोन लोखंडी पिंपं उभी केलेली, एक अलीकडे आणि एक अगदी चौकीला खेटून.

गेल्या आठवड्यात तिथे आमच्या शेजारच्या काचवाल्यांच्या गाडीवर गोळी झाडली. जवानाने पंजा दाखवला, काचवाल्यांना वाटलं 'या' म्हणतोय, ते पुढे गेले. गोळी इंजिनात घुसली. माणूस वाचला. "मागे सहा आरसे होते, एकाला ओरखडा नाही!" असं ते सगळ्यांना हसून सांगतात, पण माझ्याकडचा चहा तसाच ठेवून गेले.

त्या दिवसापासून हे घरी येतात, बूट काढायला खाली बसतात आणि नाडीला हात लावून तसेच बसून राहतात. मी विचारलं तर म्हणतात, काही नाही, दमलो.

म्हणून तुला विचारते. तू पण अशाच एका चौकीवर उभा आहेस. तुम्हाला तिकडून काय दिसतं रे? आमच्या गाडीने काय केलं म्हणजे तुम्ही घाबरणार नाही?

आईला यातलं काही लिहू नकोस. मी तिला फक्त डोहाळ्यांचं कळवते.

तुझी ताई


१३ नोव्हेंबर

ताई,

तू विचारलंस तसं आम्हाला कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, तुम्ही गोळी का झाडता. आम्ही घाबरतो हे तुला बरोबर कळलं. लहानपणी अडगळीच्या खोलीत मला एकट्याला पाठवलं की मी गाणं म्हणत जायचो, ते तुला आठवत असणार. इथे गाणं म्हणायची सोय नाही.

तर ऐक. अंधारातून दोन दिवे येतात. एवढंच दिसतं. दिव्यांच्या मागे पाव आहेत की स्फोटकं, म्हातारी आहे की बंदूकवाला, काही कळत नाही. आमच्या प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड आहे. पहिलीच ओळ अशी, की सामान्य माणसाचा जीव आधी. त्याखाली क्रम दिलाय. आधी ओरडा, मग पंजा दाखवा, मग लाल दिवा, मग जमिनीत गोळी, मग इंजिनात, आणि काहीच उपाय उरला नाही तर माणसावर. वाचायला फार चांगलं आहे. गाडी वेगात असली तर हे सगळं करायला एक जांभई पुरी होईल इतकाच वेळ मिळतो. काचवाल्यांच्या वेळी तिथल्या पोराने इंजिनावर थांबवलं, म्हणजे तो शहाणा पोरगा आहे.

भाऊजींना सांग, मोठे दिवे मंद करायचे. गाडीच्या आतला दिवा, टपाला असतो तो, लावायचा. काचा खाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वरच्या बाजूला. पहिल्या पिंपाशी थांबायचं आणि बोलावल्याशिवाय हलायचं नाही. पंजा म्हणजे थांबा, 'या' नव्हे.

आतला दिवा सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या तुकडीत एक जण आहे, आम्ही त्याला आजोबा म्हणतो. माझ्याहून जेमतेम वर्षाने मोठा, पण डोकं पांढरं झालंय. तो म्हणतो, ज्याचा चेहरा दिसतो त्याच्यावर गोळी झाडायला बोट जड होतं. मीही ते अनुभवलंय. भाऊजींचा चेहरा दिसू दे.

पत्र कॅप्टन साहेब वाचूनच सोडतात. हे वाचून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हे सगळ्यांनाच कळलं तर बरं होईल."

खात जा. उभ्याने कापड बेतू नकोस.

बारक्या


२५ नोव्हेंबर

बारक्या,

तुझ्या तोंडात साखर पडो! पहिल्या दिवशी हे दिवा लावून गेले आणि पहिल्या पिंपाशी थांबले. जवानाने आत पाहिलं, हात हलवला आणि चक्क म्हणाला, "काका, वास फार छान येतोय." यांनी दोन पाव दिले. घरी आल्यावर बूट एका झटक्यात निघाले. मी आत जाऊन थोडं रडून घेतलं.

आता पुढचं. हे मी फक्त यांच्यापुरतं कसं ठेवणार? माझ्याकडे मापाला येतात सगळे. माप घेताना माणसाला हलता येत नाही, त्यामुळे ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. खांद्याला टेप लावला की मी सुरू करते: आतला दिवा, काचा खाली, हात वर, पहिलं पिंप. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, हॉस्पिटलातली नर्स, बेकरीचे मालक, सगळ्यांना पाठ झालंय. परवा मी गच्चीवरून पाहिलं, पहाटे पुलाकडे पाच-सहा गाड्यांची रांग होती आणि प्रत्येकीत एकेक माणूस उजेडात बसलेला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! एकमेकांना ओळखू आली रे माणसं.

गोची झाली ती एकट्या काचवाल्यांची. इंजिन दुरुस्त करून आणलं, पण गाडीची काच खाली जात नाही. दोन वर्षं अडकलेली आहे. गावभर दुसऱ्यांच्या काचा बसवतात आणि स्वतःचीच तेवढी राहिली! सगळे त्यांची फिरकी घेतात. ते म्हणतात, "आधी तू माझा कोट पुरा कर, मग मी काच करतो." मी म्हटलं, आधी काच, मग कोट. तर एक बाही लावायची ठेवून कोट खुंटीला टांगून ठेवलाय.

डॉक्टरीणबाई म्हणतात बाळ पायाकडून आहे. अजून फिरेल कदाचित. नाही फिरलं तर पुलापलीकडे हॉस्पिटलातच जावं लागेल, घरी जमणार नाही. मला आता तेवढी भीती वाटत नाही.

साहेबांना नमस्कार सांग. आजोबांनाही.

ताई


३ डिसेंबर

ताई,

पत्र वाचून आनंद झाला आणि नंतर ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. किती जणांना सांगितलंस? तोंडाला काही कुलूप? भाऊजींसाठी लिहिलं होतं मी.

रागावू नकोस. चूक म्हणत नाही. साहेबही म्हणाले होते सगळ्यांना कळलं तर बरं. पण जे सगळ्यांना कळतं ते सगळ्यांनाच कळतं. एवढंच म्हणतो.

आजोबाला तुझा नमस्कार सांगितला. तो म्हणाला, तुझ्या बहिणीला विचार माझ्या सदऱ्याचं माप चिठ्ठीवर पाठवलं तर चालेल का. त्याला दहा-बारा दिवसांसाठी शेजारच्या चौकीवर पाठवतायत, तिथे माणसं कमी पडली आहेत. परत आला की माप घेऊन पाठवतो.

बारक्या


१७ डिसेंबर

बारक्या,

जिवंत आहेस ना? एवढं एकच लिहून पाठव. बाकी काही नको.

सोमवारी दुपारी लांबून आवाज आला. लांबून, पण आमच्या खिडक्या हलल्या. या वेळी सासूबाई टायर म्हणाल्या नाहीत. आता बेकरीत बातमी आहे, की उत्तरेच्या रस्त्यावर कुठली तरी चौकी गाडीने उडवली. उत्तरेच्या रस्त्यावर म्हणजे तुमच्याकडेच ना? किती चौक्या आहेत तुमच्या तिथे? गेलेल्यांची नावं कोणी सांगत नाही. पोस्टातल्या माणसाला विचारलं तर तो शिक्के मारत राहतो.

लोक आणखी एक बोलतात. म्हणतात, गाडी अगदी शहाण्यासारखी आली होती. पहाटेची वेळ, दिवा लावलेला, काचा खाली. मी म्हटलं, तुम्ही काय बघायला गेला होतात? धडाका दुपारी झाला, मी स्वतः ऐकला. तर म्हणाले दोन झाले, एक पहाटे आणि एक दुपारी. मला काही समजेनासं झालंय. मशीनवर बसते आणि सुई कुठे चालली आहे ते दिसत नाही.

बारक्या, ते कुठून शिकले?

लवकर लिही.

ताई


२२ डिसेंबर

ताई,

मी ठीक आहे. मला काही लागलेलं नाही. आईला तसंच कळव.

आमची चौकी नव्हती, शेजारची होती. आजोबा गेला. त्याचं परत यायचं एका दिवसावर आलं होतं.

*(यानंतरच्या सहा ओळी काळ्या शाईने खोडलेल्या.)*

म्हणून सांगतो, घराबाहेर पडू नका. भाऊजींना म्हणावं आजारी पडा, पाय मोडल्याचं सांगा, काहीही करा. पहाटे गाडी काढायची नाही. तू तर नाहीच. बाळंतपण घरीच होऊ दे, त्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलाव. का ते विचारू नकोस.

*(एक ओळ खोडलेली.)*

ऐक माझं. लहान आहे म्हणून सोडून देऊ नकोस.

बारक्या


२९ डिसेंबर

बारक्या,

तू आहेस. तेवढ्याने जिवात जीव आला. आजोबांचं वाचून खूप वाईट वाटलं. मी त्यांना पाहिलं नव्हतं, तरी पांढऱ्या केसांचा एक तरुण माणूस डोळ्यांसमोर येतो आणि त्याला सदरा हवा असतो.

तुझं पत्र मी खिडकीला धरून पाहिलं, दिव्यासमोर धरलं, मागून बोट फिरवून पाहिलं. साहेबांची शाई चांगली दाट आहे, एक अक्षर लागलं नाही. मग मला समजलं तू काय लिहिलं असशील ते. तू मला बोल लावला असशील. ताई, तू गावभर सांगत फिरलीस म्हणून माझा मित्र गेला, असंच ना? साहेबांनी दया येऊन खोडलं असणार. लिहिलंस ते बरं केलंस. मी स्वतःला तेच सांगते.

पण घरी बाळंतपणाचं सांगू नकोस. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. बाळ फिरलेलं नाही. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, घरी ठेवलं तर दोघांतलं एक तरी जाईल, कदाचित दोन्ही. तू आणखी दहा ओळी लिहिल्यास तरी बाळ काही वळत नाही.

ठरलं ते असं. कळा सुरू झाल्या की बेकरीच्या गाडीतूनच निघायचं, पास तिचाच आहे. थंडीत ती मध्येच बंद पडते, म्हणून काचवाले आपली गाडी घेऊन मागून येणार आहेत. त्यांनाही रात्रीचा पास मिळालाय, हॉस्पिटलच्या फुटलेल्या खिडक्या बसवतात म्हणून. काच केलीत का विचारलं तर म्हणतात, आता बाळ झाल्यावर.

तू काळजी करू नकोस. आम्ही सगळं तू शिकवलंस तसंच करू. आतला दिवा लावू. मी पुढेच बसणार आहे, म्हणजे त्यांना माझं पोट पण दिसेल. यापुढे आणखी काय करायचं माणसाने?

ताई


४ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि तसाच साहेबांकडे गेलो. सगळं लिहितो. या वेळी खोडायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

मी तुला बोल लावला नव्हता. त्या सहा ओळींत आजोबा कसा गेला ते होतं. गाडी पहाटे आली. मोठे दिवे मंद, आतला दिवा लावलेला, काचा खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पहिल्या पिंपाशी थांबलीसुद्धा. आजोबा पुढे चालत गेला, कारण त्याला चेहरा दिसत होता. दुपारचा धडाका आमच्याच लोकांनी उरलेलं सामान निकामी केलं त्याचा.

ते तुझ्याकडून शिकले का, मला माहीत नाही. रस्त्याच्या कडेला बसून चार दिवस बघणारा कोणीही शिकेल. असा विचार केला की मला थोडी झोप लागते. दुसरा विचार आला की लागत नाही.

त्यानंतर सगळ्या चौक्यांना नवा हुकूम आला. खोडलेली शेवटची ओळ ती होती. आतला दिवा लावून येणारी गाडी संशयाची धरायची. तिने पहिलं पिंप ओलांडलं की एकदाच ओरडायचं आणि लगेच गोळी, इंजिनावर नाही. हा हुकूम रोज सकाळी मीच माझ्या जवानांना वाचून दाखवतो. वाचताना मला तू दिसतेस, पुढच्या सीटवर, उजेडात.

साहेबांना मी तुझं पत्र दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बस." मी बसलो नाही. म्हटलं, "साहेब, तिला एवढं कळवू द्या, की दिवा लावू नको."

"तिला कळलं की गावाला कळेल. गावाला कळलं की त्यांना कळेल. मग उद्या ते बिनदिव्याची गाडी पाठवतील. तुझी माणसं मरतील, मी काय सांगू त्यांच्या घरी?"

"मग साहेब, हे कार्ड कोणासाठी आहे? पहिली ओळ सामान्य माणसाची आहे. ज्याला वाचवायचं त्यालाच नियम माहीत नसेल तर तो वाचणार कसा?"

साहेबांनी तुझ्या पत्राची घडी घातली. आजोबाच्या वस्तूंची पेटी त्यांच्या टेबलापाशीच होती, घरी पाठवायची राहिलेली. मग म्हणाले, "तू लिही. मी वाचतो."

म्हणून लिहितो, ताई. दिवा लावू नका. आतला दिवा लावू नका. अंधारातच हळू या, पहिल्या पिंपाच्या अलीकडे थांबा, इंजिन बंद करा, आणि भाऊजींनी एकट्याने उतरून रिकामे हात वर करून उभं राहायचं. बोलावलं तरच पुढे. काचवाल्यांनाही हेच.

हे पत्र तुझ्याआधी दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये, आणि तू पुलावर गेल्यावर तर मुळीच पोचू नये. मला काही सुचत नाही.

बारक्या

*(खाली वेगळ्या अक्षरात.)*

ताई, मी इथला कॅप्टन. तुमच्या भावाचं पहिलं पत्र मीच सोडलं होतं. तेव्हा ते मला चांगलं वाटलं होतं आणि अजूनही वाईट वाटत नाही. या पत्रातलं मी काहीही खोडलेलं नाही. तुमच्या पुलावरची चौकी माझ्या हाताखाली नाही. तिथे बेकरीच्या गाडीबद्दल निरोप पाठवला आहे, तो पोचला की नाही हे मला कळलेलं नाही. काचवाल्यांची गाडी त्या निरोपात राहून गेली, हे आत्ता वाचताना ध्यानात आलं. दुसरा निरोप पाठवतो. हे तुमच्या घराबाहेर जाऊ देऊ नका, ही विनंती.


१२ जानेवारी

बारक्या,

मुलगी झाली. दोघी जिवंत आहोत. तू मामा झालास, हे आधी लिहिते, कारण खालचं लिहून झाल्यावर ते लिहायचं बळ उरणार नाही.

तुझं पत्र परवा मिळालं. आम्ही त्याच्या तीन दिवस आधी पुलावर गेलो होतो.

कळा पहाटे सुरू झाल्या, पाव भट्टीतून निघतात त्या वेळी. सासूबाईंनी मला धरून गाडीत बसवलं. हे बसले, हात लांब करून टपाचा दिवा लावला. काचवाले आपल्या गाडीतून ओरडले, "मी आहे मागे, बिनधास्त चला!" त्यांनीही दिवा लावलेला होता. आम्ही निघालो.

मी यांच्याकडे पाहिलं. बारक्या, इतक्या वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते, घाम डोळ्यांत जात होता आणि हात स्टिअरिंगवर वर ठेवायचे म्हणून तो पुसता येत नव्हता. एकीकडे कळ, आणि समोर हा उजेडातला घाबरलेला माणूस. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अहो, तो दिवा बंद करा." ते म्हणाले, "अगं, बारक्याने सांगितलंय." मी म्हटलं, "बंद करा, नाहीतर मी इथेच उतरते." त्यांनी बंद केला. एवढंच झालं. तुझं पत्र नाही, साहेबांचा निरोप नाही. मला नवऱ्याचा चेहरा बघवला नाही म्हणून आम्ही अंधारात पुलावर गेलो.

पहिल्या पिंपाशी थांबलो. कोणीतरी ओरडलं, उतरा. हे हात वर करून उतरले आणि "बायको, बाळंत, बायको," एवढंच म्हणत राहिले. बॅटरी माझ्या पोटावर पडली. मग जवानाने घाईघाईने हात हलवला, जा, जा. हे धावत येऊन बसले आणि आमची गाडी पुलावर चढली.

मागे काचवाल्यांना तो हात दिसला. त्यांना वाटलं दोघांनाही बोलावलं. आम्ही एकत्रच होतो ना? ते थांबले नाहीत, पहिलं पिंप ओलांडून आमच्यामागे आले. जवान ओरडला. त्यांची काच वर होती. त्यांना ऐकूच गेलं नाही.

मी पुलाच्या मध्यावर आवाज ऐकला. मला वाटलं आमच्यावर झाडली. मी पोटावर दोन्ही हात ठेवले आणि वाट बघत बसले, कुठे दुखतंय ते कळायची.

हे मला हॉस्पिटलात सोडून परत धावत गेले. त्यांनी जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहिते. काचवाले स्टिअरिंगवर होते, दोन्ही हात वरच्या बाजूला, तू सांगितलंस तसे. आतला दिवा चालूच होता. चौकीतलाच एक पोरगा दार उघडून त्यांची जखम दाबून धरत होता, स्वतःच्या गळपट्ट्याने. तुझ्याएवढाच असेल. यांना बघून म्हणाला, "दिवा का लावला हो यांनी? काका, दिवा का लावला?" काचवाले तोवर गेले होते. तो पुन्हा पुन्हा तेच विचारत होता, त्याला दुसऱ्या जवानाने उचलून बाजूला नेलं. हा तोच होता, पावाचा वास छान येतो म्हणणारा.

दिवा मी लावायला सांगितला होता. कोटाचं माप घेताना. दोनदा म्हणवून घेतलं होतं त्यांच्याकडून.

कोट खुंटीलाच होता. त्यांच्या बायकोने निरोप पाठवला, तो द्या म्हणून. मी बाळंतिणीच्या खाटेवर बसून हाताने बाही लावली आणि पाठवला. ती स्वतः आली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते.

आता साहेबांना माझं सांग. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःची नोकरी धोक्यात घालून सगळं लिहू दिलं, आणि मी तो विश्वास मोडणार आहे. शाळेच्या बसचा ड्रायव्हर उद्या येतो आहे, विजारीची उंची कमी करायला. तो अजून दिवा लावून जातो. आता थंडीत शाळेची वेळ अंधारातली आहे, बस मुलांनी भरलेली असते. मी गप्प राहून त्याचं माप कसं घेऊ? मी सांगणार आहे. नर्सला सांगणार आहे, बेकरीच्या मालकांना सांगणार आहे. दिवा बंद, पिंपाच्या अलीकडे, एकट्याने उतरायचं. मला ठाऊक आहे मग काय होईल. एखादी गाडी तशीच येईल, तुमच्यातला एखादा आजोबा पुढे जाईल, हुकूम पुन्हा बदलेल आणि आम्हाला ते कळणार नाही. मग पुन्हा कोणीतरी काचवाल्यांसारखं, सगळं बरोबर करून. सगळं कळतं मला. पण उद्या टेप घेऊन त्या माणसासमोर मी उभी राहणार आहे, साहेब नाही.

तो जो कोणी असेल, तो पुढे जाणारा, तो तू होऊ नकोस. एवढं माझ्यासाठी कर. चेहरा दिसला तरी जाऊ नकोस. हे मी लिहिते आहे, मीच, आणि मला स्वतःची लाज वाटते.

मुलगी छान आहे. पायाकडून आली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या घरी असतो तर दोघींची आशा नव्हती. तिला उजेड आवडतो. रडायला लागली आणि कोणी दिवा लावला की लगेच गप्प होते, डोळे मोठे करून वर बघत राहते. काल रात्री ती रडली तेव्हा हे उठले आणि त्यांनी बटण दाबलं. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतून सासूबाई धावत आल्या. "बंद करा, बंद करा तो." यांनी लगेच बंद केला. अंधारात ती रडत होती आणि आम्ही तिघं उभे होतो. खोलीतलाच दिवा होता, बारक्या. मला माहीत होतं, खोलीतलाच होता.

ताई